पांढरी भिंत आणि खोल गच्ची एकाच फोटोत
वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या मुंबईच्या कांचनजंगा इमारतीसारख्या वास्तूचा फोटो भर उन्हात घेतला की एक तर उजळ भिंतीचे तपशील उडतात, नाही तर दुमजली उंचीच्या गच्च्या काळ्याठिक्कर पडतात.

१. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) कायम ठेवावेत.
२. ब्रॅकेटिंगमध्ये (एकच दृश्य कमी, योग्य आणि जास्त उजेडात टिपण्याची सोय) −२, ० आणि +२ स्टॉप अशा तीन रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम टायमर लावून घ्याव्यात, म्हणजे केवळ शटरचा वेग बदलतो आणि बोटाचा धक्का लागत नाही.
३. या तिन्ही फ्रेम फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून सावल्या थोड्याच उजळाव्यात. गच्चीची खोली हीच या वास्तूची ओळख असल्याने ती सपाट करणे मला तरी पटत नाही.

आकाशालगतच्या कडांभोवती पांढरट वलय दिसू लागल्यास फ्रेम एकत्र करण्याच्या परिणामाची तीव्रता लगेच कमी करावी.