सेट बदलण्याआधी मीटर लावा: गाडीचा स्टिरिओ, स्पीकर आणि रिव्हर्स कॅमेरा

गाडीतला आवाज गेला की पहिला सल्ला मिळतो तो नवा सेट बसवण्याचा. पण उघडून बघितलं तर दोष बहुधा वायर, कपलर, फ्यूज नाहीतर अर्थिंगमध्ये (गाडीच्या लोखंडी बॉडीशी असलेल्या जोडणीत) निघतो, आणि तो तसाच राहिला तर नव्या सेटचंही तेच होतं. इथे मुख्यतः बाहेरून बसवलेल्या टचस्क्रीन सेटचा विचार केला आहे. कंपनीच्या सेटला वायरींचे रंग वेगळे असतात, तपासायची रीत तीच.

लागणारं सामान थोडकं आहे: डिजिटल मल्टिमीटर, होल्डरला दोन वायरी जोडलेला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल आणि ट्रिम उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. डॅशबोर्डखाली पिवळं कपलर किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसली तर ती एअरबॅगची समजा. तिला मीटरसुद्धा लावायचा नाही. सेटची एकेरी पिवळी वायर वेगळी, तिच्याशी गल्लत नको.

सेट चालूच होत नाही

सुरुवात बॅटरीपासून. इंजिन बंद असताना धडधाकट बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मग फ्यूज. एक सेटच्या पाठीला असतो, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा, आणि दुसरा गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये. तो न उपसताही तपासता येतो: मीटरचं काळं टोक गाडीच्या लोखंडाला टेकवून लाल टोक वरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर आळीपाळीने लावा, चावी फिरवलेली असताना दोन्हीकडे १२ व्होल्ट यायला हवेत. एकाच बाजूला आले तर फ्यूज उडालाय. तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज टाकू नका. तसं केलं तर फ्यूजऐवजी वायर जळते.

सेटच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, पिवळी वायर कायम १२ व्होल्टची, लाल चावीबरोबर येणारी, काळी अर्थिंगची. स्टार्टर मारताना सेट क्षणभर बंद पडणं नेहमीचंच. पण दर वेळी घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जात असतील, तर पिवळीला कायमची वीज मिळत नाही, किंवा पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झालीय. काही युरोपीय गाड्यांच्या सॉकेटमध्ये या दोन पिना मुळातच उलट असतात, त्यामुळे तयार हार्नेस सरळ खोचला की हा घोळ होतो.

नुसत्या मीटरवर विसंबू नका. वायरीतली एकच तार शाबूत उरली असली तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळपास काहीच करंट ओढत नाही. सेटचं कपलर काढून पिवळी आणि काळी यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर ठीक असेल तर लख्ख पेटेल, सडलेली असेल तर मिणमिणेल. मिणमिणला तर बल्बचं काळीवरचं टोक काढून गाडीच्या उघड्या लोखंडाला लावा. आता लख्ख पेटला तर दोष अर्थिंगचा, नाही तर पिवळीचा. मात्र ही बल्बची युक्ती फक्त वीज आणणाऱ्या वायरींसाठी. सिग्नलच्या किंवा कॅनबसच्या (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या) वायरींवर चुकूनही नको.

आवाज नाही, किंवा एकाच बाजूला

सेटचं कपलर काढा आणि मीटर ओहमवर ठेवून स्पीकरच्या जोड्या मोजा. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. प्रत्येकाची दुसरी वायर त्याच रंगाची, वर काळी रेघ असलेली. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ४ च्या दरम्यान दिसतो. आकडाच आला नाही तर वायर किंवा स्पीकरच्या आतली कॉइल तुटली. एक ओहमच्या खाली आला तर कुठेतरी दोन वायरी भिडल्यात.

यानंतरची तपासणी बरेच जण गाळतात. प्रत्येक वायर आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये कंटिन्युटी (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का, मीटरच्या बीपच्या खुणेवर) पाहा. बीप अजिबात वाजता कामा नये. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्म्याने, म्हणजे साधारण ६ व्होल्ट असतात. ‘निगेटिव्ह’ म्हणतात ती वायर अर्थिंग नव्हेच. ती बॉडीला टेकली की सेट स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो, कधी सगळ्याच स्पीकरचा, आणि मालकाला वाटतं सेट गेला. चार स्पीकरची निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला मारायची जुनी पद्धत इथे सेटच्या जिवावर उठते. वायर टेकते ती ठरावीक जागी: दाराच्या आत काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेला घासून, स्पीकरच्या स्क्रूखाली दबून, नाहीतर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत.

स्पीकर स्वतः तपासायचा तर दोन्ही वायरी सोडवून पेन्सिल सेलचा स्पर्श करा. ‘टक्’ आवाज येऊन कोन (स्पीकरचा शंकूसारखा पडदा) हलला तर कॉइल जिवंत आहे. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावलं की कोन बाहेरच्या बाजूला सरकतो. बॅलन्स मधोमध असताना बास गायब आणि एका बाजूला नेला की परत, असं होत असेल तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या आहेत. दार उघडलंच आहे तर आतलं प्लास्टिकचं आवरण फाटलंय का बघा. कोकणातल्या पावसात फाटक्या आवरणातून येणारं पाणी कागदी कोनचा लगदा करतं.

इंजिनबरोबर चढणारा घूंऽऽ आवाज

अ‍ॅक्सिलरेटरबरोबर सूर चढतो तो अल्टरनेटरचा. आवाज शून्यावर न्या. तरीही घूं येत असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायर किंवा सेटकडून तिथे सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरीत. शून्यावर थांबत असेल तर गाणं जिथून येतंय तिथे. दुसऱ्या प्रकारात फोन ऑक्स वायरीला आणि चार्जरला एकाच वेळी जोडलाय का ते आधी पाहा. चार्जर काढला की शांत झालं तर शोध तिथेच संपला.

अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक त्याच्या ग्राउंडच्या टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि गाणं मोठ्याने वाजवा. ०.१ व्होल्टपर्यंत चालेल. ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग नीट नाही: बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवू नका, आवळल्यावर वरून ग्रीस फासा.

रिव्हर्स कॅमेरा

इंजिन बंद, चावी ऑन, हँडब्रेक ओढलेला, रिव्हर्स गिअर. स्क्रीन बदललीच नाही तर सेटला रिव्हर्सचा १२ व्होल्टचा इशारा पोचत नाही. स्क्रीन बदलून काळी किंवा निळी झाली तर इशारा ठीक आहे, चित्र येत नाहीये. कॅमेऱ्याला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन पाहा, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज ठेवून. चित्र आलं तर मागच्या दिव्यापासून कॅमेऱ्याला वीज आणणारी वायर तपासा.

इथे सर्वांत आधी संशय घ्यायचा तो डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीवर. डिकी उघडताना-मिटताना वायरी तिथेच वाकतात. नळी मागे सरकवून एकेक वायर हलकी ओढा: आत तांबं तुटलेलं असेल तर आवरण रबरासारखं ताणलं जातं. जोड देताना सगळे एकाच ठिकाणी घेऊ नका, आणि वाकणाऱ्या भागात तर नकोच. थोडी जास्तीची वायर घालून जोड नळीच्या बाहेर काढा, डाग द्या (सोल्डर करा), वर आकसणारी नळी चढवा.

चित्र लोळतंय, किंवा नवा कॅमेरा लावल्यावर स्क्रीन काळीच राहतेय, तर सेटिंगमधला चित्राच्या सिग्नलचा प्रकार (पाल, एनटीएससी की एएचडी) कॅमेऱ्याशी जुळवा. चित्र लुकलुकत असेल आणि गाडी मागचे दिवे थरथरत्या (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या) विजेवर चालवत असेल, तर दिव्यावरून फक्त रिलेला (विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचला) इशारा द्या, कॅमेऱ्याची वीज फ्यूज बॉक्सवरून घ्या. त्या थरथरीत रिलेच कटकट करू लागला तर मध्ये फिल्टर लागतो.

रेडिओ खरखरत असेल तर निळ्या वायरीवर सेट चालू असताना १२ व्होल्ट आहेत का पाहा, कारण छतावरच्या अँटेनातला बूस्टर त्यावर चालतो. मग डॅशकॅमचा चार्जर उपसून बघा. केबलने जोडलेल्या फोनचा संपर्क सारखा तुटत असेल तर आधी केबल बदला. पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, आतली गाणी आधी काढून ठेवून.

सकाळी बॅटरी उतरलेली

मीटर १० अँपिअरच्या खाचेत ठेवून बॅटरीच्या ऋण टोकाशी सिरीजमध्ये, म्हणजे तिथली वायर सोडवून टोक आणि वायर यांच्यामध्ये, जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, म्हणजे सगळे कंट्रोलर झोपतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३०० दिसले तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांच्या आत रिकामी होते. आता स्टिरिओचा फ्यूज काढा. आकडा एकदम खाली आला तर लाल वायर कुणीतरी कायम विजेवर जोडली आहे, किंवा सेट झोपतच नाहीये. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, दारही उघडायचं नाही. स्टार्टर मारलात तर मीटरचा फ्यूज गेलाच.