ग्रीन कार्ड प्रलंबित, आई ठाण्यात आयसीयूत: घरच्यांनी आधी हे कागद काढा

अमेरिकेतल्या मुलाचा आय-४८५ (ग्रीन कार्डचा) अर्ज प्रलंबित असताना त्याने ॲडव्हान्स पॅरोलशिवाय, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय, अमेरिका सोडली, तर अर्ज सोडून दिला असं सहसा धरलं जातं. तातडीचा पॅरोल मिळू शकतो, पण त्याचा पुरावा इथूनच पाठवावा लागतो.

१. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या: निदान, दाखल केल्याची तारीख, प्रकृती गंभीर असल्याचा स्पष्ट उल्लेख, सही, शिक्का. केसपेपरचे व्हॉट्सॲपवरचे तिरके फोटो पाठवू नका, झेरॉक्सवाल्याकडून नीट स्कॅन करून घ्या. नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. केसपेपरवर ‘सुनंदाबाई’ आणि पासपोर्टवर ‘सुनंदा’ असा घोळ काउंटरवरच निस्तरा, नंतर डॉक्टर सापडत नाहीत.

२. नात्याचा पुरावा म्हणून मुलाचा जन्मदाखला. शिवाय त्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतील, तर तेही पान. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडा. नोटरीची गरज नाही, उगाच पैसे घालवू नका.

३. तिकडे मुलाने यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून जवळच्या फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट मागावी. सोबत भरलेला आय-१३१ (पॅरोलचा अर्ज), फी, दोन फोटो, आय-४८५ची पावती.

एच-१बी किंवा एल-१ (कामासाठीचे दर्जे) चालू असणाऱ्यांना पॅरोलच्या या नियमातून सूट आहे; मात्र पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल तर परतताना बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत स्टॅम्पिंगसाठी (पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेण्यासाठी) अडकाल.

बाकी कितीही घाई असो, पॅरोलचा कागद हातात पडल्याशिवाय विमानात बसू नका.