गरोदरपणातलं अपेंडिक्स: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी: "पोटात बाळ आहे, ऑपरेशन नको, सलाईन लावून बघू." बीड-परभणीकडून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या अशा केसची चाल बहुतेक ठरलेली असते. सहावा महिना. सकाळी बेंबीभोवती दुखलं, संध्याकाळी दुखणं उजवीकडे उतरलं, जेवण नको झालं, दोन उलट्या. गावात ॲसिडिटी म्हणून गोळी. तालुक्याला लघवीत पू-पेशी दिसल्या, मग लघवीचं इन्फेक्शन. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला टेकलं तरी पू-पेशी दिसतात, हे कुणी लक्षातच घेत नाही. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम थांबतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि रात्री पोट फुगतं, ताप चढतो, नाडी १२०. अपेंडिक्स फुटलेलं असतं. न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये बाळ दगावण्याचा धोका साधारण २ ते ३ टक्के, फुटल्यावर तो २० टक्क्यांच्या वर जातो. निदान पक्कं झालं की कुठलाही महिना असो, त्याच दिवशी टेबलवर घ्या.

पांढऱ्या पेशी १४,००० आल्या म्हणून निदान ठोकू नका, गरोदरपणात १६,००० पर्यंत तशाही चढतात. पोट कडक लागत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. गर्भाशय पोटाची भिंत अपेंडिक्सपासून उचलून धरतं. चार-सहा तासांनी त्याच डॉक्टरनं पुन्हा हात लावून बघावं. मला तरी एवढा भरवसा कुठल्याच रिपोर्टचा वाटत नाही.

"सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही" याचा अर्थ अपेंडिक्स नॉर्मल, असा होत नाही. पुढे कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून औषध न टोचता) एमआरआय. तो जवळपास नसेल तर वाट बघण्यापेक्षा सीटी बरा.

ऑपरेशनमधली घाई वेगळीच. २० आठवड्यांनंतर बाईला सरळ उताणी झोपवतात, गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं, बीपी कोसळतं. उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे कलवा. दुर्बिणीनं करताना बेंबीतून सुई खुपसायची सवय सोडा. गर्भाशयाचा माथा हातानं चाचपून त्याच्या ३-४ सेंटीमीटर वर, डोळ्यांदेखत उघडून पहिला पोर्ट (दुर्बिणीची नळी) घाला. पोटात भरायच्या गॅसचा दाब १०-१२ मिमी पारा पुरे. बाळाचे ठोके आधी आणि नंतर नोंदवा. कळा नसताना त्या थांबवायची औषधं नकोत.

आणि पुढे पाठवताना चिठ्ठीत दुखणं सुरू झाल्याची वेळ, शेवटचं खाणं आणि दिलेली इंजेक्शनं वेळेसकट लिहा. नुसतं "पोटदुखी, रेफर" लिहिलं की इथे सगळं पहिल्यापासून विचारत बसावं लागतं.