हायर डायमेन्शनमध्ये गेज फील्डचे डिग्रीज ऑफ फ्रीडम कसे मोजायचे, आणि उत्तर वजा २ आलं तर काय करायचं

डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे फील्ड खरोखर किती स्वतंत्र प्रकारे हलू शकतं ती संख्या, आणि गेज फील्ड म्हणजे ज्याला गेज सिमेट्री असते ते. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, गेज सिमेट्री ही नावालाच सिमेट्री आहे. रोटेशन केलं की सिस्टिम एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते, गेज ट्रान्सफॉर्मेशन केलं की प्रत्यक्षात काहीच होत नाही, त्याच अवस्थेला तुम्ही दुसऱ्या नावाने हाक मारता एवढंच. त्यामुळे फील्डला कंपोनंट किती हे मोजून भागत नाही, त्यातले खरे किती आणि नुसती नावं किती हे बघावं लागतं.

फोटॉनपासून सुरू करू. एकूण डायमेन्शन डी धरा, वेळ धरून. फील्डचे कंपोनंट डी, गेज पॅरामीटर (नाव बदलताना मनासारखं निवडता येणारं फंक्शन) १, मग उरले डी वजा १? नाही ना! ४ डायमेन्शनमध्ये प्रकाशाची पोलरायझेशन २ असतात, ३ नाही. गेज दोनदा कापतं. एकदा तुम्ही गेज फिक्स करता, म्हणजे अनेक नावांतलं एक निवडता तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कारण फील्डच्या वेळेच्या कंपोनंटचा टाइम डेरिव्हेटिव्ह लग्रांजियनमध्ये (ज्या फंक्शनमधून गतीची समीकरणं निघतात त्यात) येतच नाही, म्हणून त्याच्याकडून गतीचं समीकरण न मिळता नुसती एक अट मिळते, तोच आपला गॉसचा नियम. म्हणून डी वजा २. ५ मध्ये ३, १० मध्ये ८.

हेच डिराकच्या पद्धतीने नीट दिसतं. फेज स्पेसमध्ये, म्हणजे प्रत्येक कंपोनंट आणि त्याचं मोमेंटम धरून, २ डी व्हेरिएबल, फर्स्ट क्लास कन्स्ट्रेंट (गेज सिमेट्रीशी जोडलेल्या अटी) दोन, प्रत्येक जण दोन-दोन खातो, उरले २ डी वजा ४, त्याचं निम्मं करा. फोटॉनला वस्तुमान दिलं की गेज सिमेट्री जाते, कन्स्ट्रेंट दोनच राहतात पण सेकंड क्लास, म्हणजे गेजशी संबंध नसलेल्या नुसत्या अटी होतात, मग प्रत्येकी एकच खातात आणि डी वजा १ उरतात. यांग-मिल्समध्ये, म्हणजे फोटॉनसारखी अनेक फील्ड एकत्र असतात त्या थिअरीत, वेगळं काही नाही, जनरेटरच्या (सिमेट्रीच्या स्वतंत्र दिशांच्या) संख्येने गुणा. एसयू ३ या सिमेट्री ग्रुपचे जनरेटर ८, म्हणजे ५ डायमेन्शनमध्ये २४, झालं.

ग्रॅव्हिटॉनला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या कणालाही तोच हिशोब लागतो. सिमेट्रिक मेट्रिकचे कंपोनंट ४ डायमेन्शनमध्ये १०, पॅरामीटर ४, दोनदा कापले की २. ५ मध्ये १५ वजा १० म्हणजे ५. ३ मध्ये ६ वजा ६, शून्य, म्हणून आइनस्टाइनच्या थिअरीत तिथे गुरुत्वलहरीच नसतात.

आता खरी गंमत. टू-फॉर्म फील्ड घ्या, म्हणजे दोन इंडेक्सचं, अँटिसिमेट्रिक (इंडेक्स अदलाबदल केले की चिन्ह उलटतं), ४ डायमेन्शनमध्ये ६ कंपोनंट. गेज पॅरामीटर व्हेक्टर आहे, म्हणजे ४, दोनदा कापा, ६ वजा ८, उत्तर वजा २. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अख्खी संध्याकाळ चूक शोधत बसलो होतो आणि बेरीज-वजाबाकी तर बरोबरच होती. भानगड अशी की त्या व्हेक्टर पॅरामीटरलाच स्वतःचं गेज असतं, तो एखाद्या स्केलरचा ग्रेडियंट असेल तर टू-फॉर्मला ढिम्म फरक पडत नाही, म्हणजे आपण जास्तीचं कापलं. ते परत द्यायचं आणि तेही तिपटीने: ६ वजा ८ अधिक ३, बरोब्बर १. पुढच्या पायऱ्यांनाही हीच चाल, एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट, चिन्ह आलटून पालटून.

११ डायमेन्शनच्या सुपरग्रॅव्हिटीतला (बोसॉन आणि फर्मिऑन यांची जोडी लावणाऱ्या गुरुत्वाच्या थिअरीतला) तीन इंडेक्सचा थ्री-फॉर्म करून बघा. १६५ वजा ११० अधिक ३३ वजा ४, म्हणजे ८४. तिथल्या ग्रॅव्हिटॉनचे ४४. बेरीज १२८, आणि ग्रॅव्हिटॉनचा फर्मिऑन जोडीदार ग्रॅव्हिटिनो, त्याचेही नेमके १२८. हे जुळलं की जाम भारी वाटतं, खरंच.

ताळा करायची माझी आवडती जागा म्हणजे एक दिशा वर्तुळात गुंडाळणं, कालुझाने १९२१ मध्ये आणि क्लाइनने १९२६ मध्ये मांडलेली आयडिया. ५ डायमेन्शनच्या ग्रॅव्हिटॉनचे ५ कुठे हरवता कामा नयेत. झिरो मोडला, म्हणजे वर्तुळाच्या दिशेने बदलतच नाही त्या भागाला, ते ग्रॅव्हिटॉनचे २, फोटॉनचे २ आणि स्केलरचा १ असे वाटले जातात. वरच्या प्रत्येक मोडला वस्तुमान असलेला ग्रॅव्हिटॉन मिळतो, त्याला ४ डायमेन्शनमध्ये ५ लागतात, म्हणून तो त्या लेव्हलचे व्हेक्टर आणि स्केलर गिळून टाकतो. तुमची बेरीज ५ येत नसेल तर बहुतेक गिळलेला स्केलर तुम्ही परत मोजलाय.

एक सावधगिरी. डी वजा २ हे मॅक्सवेलसारख्या ॲक्शनसाठी आहे, कुठेही चिकटवू नका. ३ डायमेन्शनच्या चर्न-सायमन्स नावाच्या दुसऱ्या ॲक्शनमध्ये फील्ड तेच पण टाइम डेरिव्हेटिव्ह एकदाच येतो, त्यामुळे दोन स्पेस कंपोनंट एकमेकांचेच मोमेंटम होतात, फेज स्पेस २ ची, त्यातले दोन्ही गॉसने खाल्ले, उरलं शून्य. टोरसवर (मेदूवड्याच्या आकाराच्या पृष्ठभागावर) ठेवलं तर मोजकी ग्लोबल व्हेरिएबल तेवढी शिल्लक राहतात, पण ती टोपॉलॉजीकडून येतात, या हिशोबात ती धरायची नाहीत.