गाडी उभी असताना : लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांनी सोलापुरातील मोकळा वेळ कसा वापरावा

पुणे–हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि धुळ्याकडून छत्रपती संभाजीनगर, बीड, तुळजापूरमार्गे येऊन विजयपूरकडे उतरणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग सोलापुरात एकमेकांना छेदतात. रत्नागिरी, कोल्हापूर, सांगलीकडून येणारा रस्ताही इथेच पोहोचतो. त्यामुळे सोलापुरातून नुसत्या पुढे निघून जाणाऱ्या गाड्या जितक्या, जवळपास तितक्याच इथे थांबणाऱ्याही दिसतात. बाजार समितीत कांदा भरायला, होटगीच्या बाजूला सिमेंटसाठी, साखर कारखान्यांवर पोत्यांसाठी, पाकणीच्या डेपोत टँकर भरायला, चिंचोली आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत माल खाली करायला त्या रांगेत लागतात. अशा चालकाला मोकळा वेळ पुष्कळ मिळतो, पण तो नेमका किती आहे हे त्याला कोणी सांगत नाही. नंबर तासाभरात लागेल या आशेवर तो झोपत नाही, जेवायला जात नाही, आंघोळही पुढे ढकलतो. संध्याकाळी गाडी मोकळी होते तेव्हा वेळ गेलेला असतो आणि विश्रांती झालेली नसते. म्हणून पुढील सूचनांची सुरुवात करमणुकीने न करता वेळेच्या अंदाजाने केली आहे.

पोहोचताच करावयाची कामे

गाडी फाटकावर लागली की पोहोचल्याची तारीख आणि वेळ बिल्टीच्या (मालासोबतच्या वाहतूक-पावतीच्या) प्रतीवर लिहून त्यावर फाटकावरील माणसाची सही किंवा शिक्का घ्यावा. तो तयार नसेल तर टोकनचा किंवा फाटक-पावतीचा मोबाइलवर फोटो काढून लगेच मालकाला पाठवावा. ठरल्यापेक्षा गाडी जास्त अडकली आणि हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे मागायची वेळ आली, तर हीच नोंद उपयोगी पडते. तोंडी सांगितलेली वेळ नंतर कोणी मान्य करत नाही.

त्यानंतर आपल्या पुढे किती गाड्या आहेत आणि हमालांच्या किती टोळ्या कामावर आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. कार्यालयात विचारल्यास बहुधा ‘तासाभरात होईल’ असे उत्तर मिळते आणि ते सकाळी व संध्याकाळी सारखेच असते. टोळीच्या मुकादमाला विचारणे अधिक फायद्याचे, कारण एक गाडी खाली करायला आपल्या माणसांना किती वेळ लागतो आणि जेवणाची सुट्टी कधी होते, हे त्याला पक्के ठाऊक असते. हमाली-वारई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोण देणार, हेही त्याच वेळी मालकाशी बोलून मिटवून टाकावे. हा वाद ऐन वेळी निघाला तर लागलेला नंबर हातचा जातो. हिवाळ्यात कांद्याची आवक वाढते तेव्हा बाजार समितीतील कोणताही अंदाज टिकत नाही, त्यामुळे त्या हंगामात अर्धा दिवस जादाच धरून चालावे.

ई-वे बिलाची (माल नेण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायच्या कागदाची) मुदतही याच वेळी पाहावी. सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटर किंवा त्याच्या भागामागे एक दिवसाची मुदत मिळते आणि ती वाढवायची असल्यास संपण्यापूर्वीच्या ८ तासांत किंवा संपल्यानंतरच्या ८ तासांतच वाढवता येते. हे काम ट्रान्सपोर्टचे कार्यालय करते. परंतु मध्यरात्री तिथे कोणी फोन उचलत नाही, म्हणून मुदत रात्री संपत असेल तर झोपण्यापूर्वीच कळवून ठेवावे.

झोपेचा पहिला हक्क

अंदाज निघाला की पहिला हक्क झोपेचा. पुण्याहून सोलापूर सुमारे २५० किलोमीटर आणि तिथून हैदराबाद आणखी ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. हा सगळा पल्ला एका दमात मारण्याचा मोह होतो, कारण रस्ता सरळ आणि चांगला आहे. नेमका असाच रस्ता डोळे मिटवतो. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके मंद होतात, असे झोपेच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. दारूला कधी न शिवलेला चालक जागरणाने ही मर्यादा ओलांडतो आणि कोणत्याही नाक्यावर पकडला जात नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. कायदे बदलत राहतात, पण ही मर्यादा शरीराला आजही लागू आहे.

हाताशी तासाभराहून कमी वेळ असेल तर वीस मिनिटांची डुलकी घ्यावी आणि मोबाइलवर गजर लावावा. चहा प्यायचाच असेल तर झोपण्यापूर्वी लगेच प्यावा, कारण त्याचा परिणाम सुरू व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि जाग येते तेव्हाच तो कामाला लागतो. तीन-चार तास मिळणार असतील तर दीड तासाची झोप साधावी. रात्रभराचा मुक्काम असेल तर बाकी सर्व बेत बाजूला ठेवून सात तास झोपावे. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप सुस्तावते. निवड करता येत असेल तर थांबा याच वेळांत घ्यावा. जागे राहण्यासाठी काही जण गोळ्या विकतात, त्या कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत.

सोलापूरचा उन्हाळा हा या सगळ्यातला मोठा अडसर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याची केबिन दुपारी भट्टीसारखी तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू गाड्यांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. मात्र रस्त्यावर आज धावणाऱ्या बहुसंख्य गाड्या त्यापूर्वीच्या आहेत. अशा गाडीत उन्हाळ्याच्या दुपारी झोपण्याचा हट्ट धरू नये. सकाळी नऊपर्यंत आणि रात्री दहानंतर झोप घ्यावी. दुपारी झाडाखाली, धाब्याच्या बाजेवर किंवा पेट्रोल पंपावरील विश्रांतिगृहात पडावे. दोन सोलापुरी चादरी विकत घ्याव्यात. त्या सुती असतात, घाम टिपतात आणि धुवून उन्हात घातल्या की लवकर वाळतात. एक अंथरावी आणि दुसरी ओली करून केबिनच्या खिडकीला बांधावी. इथली हवा कोरडी असल्याने ओल्या कापडातून येणारा वारा बराच गार लागतो.

सावलीसाठी गाडीखाली मात्र कोणीही, कधीही झोपू नये. रांग पुढे सरकते, क्लीनर किंवा दुसराच कोणी गाडी चालू करतो आणि खाली माणूस आहे हे त्याला दिसत नाही. इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणे आणि थंडीत आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवणे हेही तितकेच घातक आहे, कारण त्यातून साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

थांबण्याची जागा

महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर गाडी उभी करून झोपू नये. मागून येणारा चालकही झोपेत असू शकतो. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ‘अपना घर’ योजनेत महामार्गांवरील निवडक पंपांवर चालकांसाठी खाटा, आंघोळीचा हौद, स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी आणि स्वतः स्वयंपाक करण्यासाठी जागा केलेली असते. डिझेल कुठे भरायचे हे ठरवताना ही सोय असलेला पंप आधी निवडावा. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो, म्हणून शहराबाहेरच वेळ काढावा. पुण्याकडून येऊन विजयपूरकडे जाणाऱ्याला केगाव–हत्तूर बाह्यवळणाने शहर टाळता येते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, त्या दिवसांत शहरातील वाहतूक वळवलेली असते हेही ध्यानात ठेवावे. गाडी उजेडात आणि इतर गाड्यांच्या सोबतीने लावावी, डिझेलच्या टाकीला कुलूप घालावे आणि मोबाइल उशाशी चार्जिंगला न ठेवता आतल्या खणात ठेवावा, कारण उघड्या खिडकीतून हात घालायला चोराला क्षणही लागत नाही. महामार्गावर अडचण आल्यास १०३३ या क्रमांकावर मदत मिळते.

जेवणाचे

धाब्यावरचे तेलकट जेवण रोज दोन वेळा घेतल्याने पोट आणि पैसा दोन्हींवर ताण येतो. सोलापूर यावर चांगला तोडगा देते. इथे मिळणारी ज्वारीची कडक भाकरी कोरड्या जागी ठेवली तर बरेच दिवस टिकते आणि शेंगदाण्याच्या चटणीला फ्रिज लागत नाही. पुढच्या आठवडाभरासाठी या दोन वस्तू डब्यात भरून घ्याव्यात. कांदा गाडीत असतोच, तो मालातला नसावा एवढीच अट. वेळ असेल तर उघड्यावर, डिझेलच्या टाकीपासून आणि मालापासून दूर, स्टोव्हवर डाळ-भात किंवा आमटी करावी. टँकरचालकांनी मात्र गाडीच्या आसपास काहीही पेटवू नये. त्यांच्यासाठी कडक भाकरीच बरी. दोन-तीन गाड्यांनी एकत्र स्वयंपाक केला की खर्च वाटला जातो, आणि पुढच्या रस्त्याची, कुठे काम चालू आहे नि कुठे कोंडी आहे याची बातमीही त्याच पंगतीत मिळते. लांबच्या चालकांच्या सगळ्या विरंगुळ्यांत हा मला सर्वांत उपयोगाचा वाटतो.

उरलेल्या वेळात

झोप आणि जेवण झाल्यावर जे तास उरतात त्यांत असेच काम घ्यावे जे हाक आली की मध्येच सोडता येईल. मोबाइलवरील चित्रफिती ही अट पूर्ण करतात, म्हणूनच त्या लोकप्रिय आहेत. त्या आधी उतरवून ठेवल्या तर डेटा वाचतो. इंजिन बंद असताना गाडीच्या बॅटरीवर पंखा, गाणी आणि मोबाइल तासन्‌तास चालवले तर नंबर लागल्यावर गाडी चालू होत नाही. अवजड गाडीत २४ व्होल्टची जोडणी असते, त्यामुळे १२ व्होल्टची वस्तू त्याला थेट जोडू नये. पत्ते खेळावेत, पण पैसे लावून नव्हे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली आहे, तरीही तसे दुवे येत राहतात. ते उघडू नयेत.

घरी फोन करायची एक वेळ ठरवून ठेवावी. केव्हाही आलेल्या फोनवर बोलणे अर्धवट राहते, उलट रात्री आठला बाबांचा फोन येतो हे ठरलेले असेल तर मूल अभ्यासाची वही घेऊन बसलेले असते.

पुढे हैदराबादकडे किंवा विजयपूरकडे जाणाऱ्या मराठी चालकाने थोडी तेलुगू किंवा कन्नड शिकावी. त्यासाठी सोलापूरसारखी जागा नाही, कारण इथल्या बाजारात या दोन्ही भाषा आणि दख्खनी हिंदी रोजच्या बोलण्यात आहेत. हमालाला, चहावाल्याला विचारून आकडे, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘किती वेळ’, ‘पंक्चर’ एवढे शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतले तरी परराज्यात दलालावरचे अवलंबन कमी होते. पाट्या वाचता येण्याइतकी अक्षरओळख रोज थोडा वेळ दिल्यास काही आठवड्यांत होते.

दिवसाभराचा हॉल्ट असेल आणि गाडीजवळ क्लीनर थांबणार असेल तर शहरात रिक्षाने जावे. सिद्धेश्वर मंदिर तळ्याच्या मध्यभागी आहे आणि शेजारीच भुईकोट किल्ला आहे. दोन्ही मिळून दोन तास पुरतात. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि तिथल्या अन्नछत्रात भाविकांना विनामूल्य महाप्रसाद मिळतो. तुळजापूर ४५ किलोमीटर आणि पंढरपूर ७० किलोमीटरहून थोडे जास्त आहे. पंढरपूरला दर्शनरांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नसल्याने नंबर लागायचा असताना तिकडे जाऊ नये.

अशाच एखाद्या मोकळ्या सकाळी शासकीय रुग्णालयात रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घ्यावेत. एचआयव्हीची चाचणी तिथे मोफत होते व निकाल गोपनीय राहतो. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, झाली नसेल तर तीही करावी. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये देतो. तो अर्ज बँकेत भरायला फार वेळ लागत नाही, आणि तरीही तो वर्षानुवर्षे राहून जातो.

निघण्यापूर्वी

झोपेतून उठल्याबरोबर गाडी हलवू नये. डोके पूर्ण जागे व्हायला पंधरा ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तोंड धुऊन गाडीभोवती एक फेरी मारावी, टायर हातोडीने ठोकून पाहावेत, ताडपत्रीच्या रश्श्या ओढून पाहाव्यात, डिझेलची पातळी आदल्या रात्रीशी ताडून पाहावी, ऑइल व कूलंट तपासावे आणि क्लीनर उठून बाहेर आला आहे याची खात्री करूनच इंजिन चालू करावे. बिल्टी, ई-वे बिल आणि पोहोच-पावती एका पाकिटात घालून ते पाकीट हाताशी ठेवावे, आणि किती वाजता गाडी मोकळी झाली तेही बिल्टीवर लिहून सही घ्यावी.