जावा सेवेतील ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ ही त्रुटी कशी दूर करावी

अंधेरी-पवईतल्या अनेक कचेऱ्यांत बँकेच्या पेमेंट गेटवेशी जोडलेल्या जावा सेवा अहोरात्र चालू असतात. अशी सेवा एके दिवशी ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ या त्रुटीवर अडली, म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रापासून विश्वासू मूळ प्रमाणपत्रापर्यंतचा दुवा जावाला जुळवता आला नाही, की कोणीतरी हमखास सर्व प्रमाणपत्रे डोळे झाकून मान्य करणारा ट्रस्ट मॅनेजर (प्रमाणपत्रांची पारख करणारा जावातला भाग) लिहायला सुचवतो. हा सल्ला मुळीच मानू नये. त्याने त्रुटी जाते, पण पलीकडे बँकच आहे याची खात्रीही जाते.

प्रथम जावाच्या ‘जावाएक्स.नेट.डीबग’ या सेटिंगला ‘एसएसएल:हँडशेक’ हे मूल्य देऊन सेवा पुन्हा सुरू करावी. नोंदींत प्रोटोकॉलची तक्रार दिसली, तर पलीकडच्यांना टीएलएस (जोडणी सुरक्षित ठेवणारा प्रोटोकॉल) १.२ सुरू करायला सांगावे. एप्रिल 2021 च्या अद्यतनांपासून जावाने १.० आणि १.१ मुळातच बंद ठेवले आहेत.

खरी गोची प्रमाणपत्रांच्या साखळीत असते: सर्व्हरचे प्रमाणपत्र, ते देणाऱ्याचे मधले प्रमाणपत्र आणि शेवटी मूळ संस्थेचे प्रमाणपत्र. ‘ब्राउझरमध्ये तर पत्ता व्यवस्थित उघडतो’ हे वाक्य ऐकून मूळ प्रमाणपत्राच्या मागे लागू नये. सर्व्हरने मधले प्रमाणपत्र पाठवले नाही, तर बहुतेक ब्राउझर ते कुठून तरी मिळवून वेळ निभावून नेतात. जावा मात्र सांगितल्याशिवाय ते शोधायला जात नाही. म्हणून ओपनएसएसएल या साधनाची ‘एस-क्लायंट’ आज्ञा ‘शोसर्ट्‌स’ आणि ‘सर्व्हरनेम’ या पर्यायांसह चालवावी, आणि तीही सेवा जिथे चालते त्याच यंत्रावरून, कारण कचेरीतल्या लॅपटॉपवर मधला प्रॉक्सी (रहदारी अडवून तपासणारा सर्व्हर) स्वतःचेच प्रमाणपत्र पुढे करू शकतो. प्रत्येक प्रमाणपत्राची ‘इश्युअर’ (देणारा) ओळ पुढच्याच्या ‘सब्जेक्ट’ (ज्याला दिले तो) ओळीशी अक्षरशः जुळते का, हे पाहावे. एकच प्रमाणपत्र येत असेल आणि ते थेट मूळ संस्थेने दिलेले नसेल, तर दोष सर्व्हरचा आहे; संपूर्ण साखळी बसवण्याची विनंती त्यांनाच करावी.

साखळी पूर्ण असूनही त्रुटी राहिली आणि मूळ प्रमाणपत्र बँकेचे खासगी असले, तर त्याचा ठसा (फिंगरप्रिंट) बँकेकडून पडताळून ते जावाच्या कीटूल या साधनाने ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासू प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये, घालावे. मात्र ‘जावाएक्स.नेट.एसएसएल.ट्रस्टस्टोअर’मध्ये स्वतःची फाईल दिली, की जावासोबत येणारी विश्वासू मूळ प्रमाणपत्रांची ‘सीएसर्ट्‌स’ फाईल वाचलीच जात नाही आणि तिच्यातल्या प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या इतर जोडण्या तुटतात. म्हणून ‘सीएसर्ट्‌स’ची प्रत काढून त्या प्रतीतच भर घालावी. मूळ फाईलमध्ये केलेली भर जावाची नवी आवृत्ती बसवताच नाहीशी होऊ शकते.

शेवटी सेवा पुन्हा सुरू करून जोडणी तपासावी आणि डीबग बंद करावा. तो चालू राहिल्यास नोंदींची फाईल झपाट्याने फुगते.