कॉलबॅकचं प्रॉमिस करताय? आधी 'धिस' सांभाळा

नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन. काम झाल्यावर चालवायचं फंक्शन आधीच हातात द्यायचं, ते कॉलबॅक; आणि नंतर येणारं उत्तर किंवा एरर ज्यातून मिळते तो ऑब्जेक्ट म्हणजे प्रॉमिस. नोडमधला जुना कॉलबॅकवाला कोड प्रॉमिसवर आणायचाय म्हटलं की लोक लगेच प्रत्येक फंक्शनभोवती हाताने न्यू प्रॉमिस गुंडाळत बसतात. कशाला? २०१७ मध्ये नोड ८ आलं तेव्हापासून त्याच्या युटिल मॉड्यूलमध्ये हेच काम करून देणारं प्रॉमिसिफाय आयतं पडलंय.

त्याच्याही आधी, काही करायची गरज आहे का ते बघा. फाइली वाचायच्या-लिहायच्या असतील तर एफएस या फाइलींच्या मॉड्यूलचा प्रॉमिसवाला अवतार तयार आहे, आणि ठरावीक वेळाने काम करणाऱ्या सेटटाइमआउटसाठी नोड १५ पासून टायमर्सचाही आहे.

मग फंक्शनची ठेवण बघा. कॉलबॅक सगळ्यात शेवटी द्यायचा आणि कॉलबॅकला पहिली एरर मिळणार, असं असेल तर प्रॉमिसिफायमध्ये टाका, झालं.

म्हणजे झालं असं वाटतं. माझी खरी जिरली ती इथे. मायएसक्यूएल डेटाबेसच्या त्याच नावाच्या पॅकेजमधलं, कनेक्शनवरचं क्वेरी फंक्शन मी मोठ्या दिमाखात प्रॉमिसिफाय केलं, चालवलं, तर एरर काय, अनडिफाइन्डचं टाइपकास्ट वाचता येत नाही. आता मी कुठे टाइपकास्ट लिहिलंय? दोन रात्री एसक्यूएल तपासत बसलो, पासवर्ड बदलून बघितला, पॅकेज काढून परत टाकलं, आणि चूक होती एका शब्दाची. क्वेरी हे सुटं फंक्शन नाही, ते कनेक्शनचं मेथड, म्हणजे त्या ऑब्जेक्टचं स्वतःचं फंक्शन आहे आणि आतमध्ये धिस (ज्या ऑब्जेक्टवरून फंक्शन बोलावलं तो) वापरून कनेक्शनची टाइपकास्टसारखी सेटिंग्ज शोधतं. तुम्ही ते उचलून वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंत की धिस मागेच राहतो. उपाय म्हणजे बाइंड, फंक्शनला त्याचा धिस कायमचा बांधून देणं. आधी बाइंड करून मग प्रॉमिसिफाय की उलट, यावर वाद घालणारे भेटतील, पण दोन्ही चालतं, कारण प्रॉमिसिफाय आपल्याला मिळालेला धिस जसाच्या तसा पुढे देतं. फक्त बाइंड विसरू नका.

आणि बाइंड कशाला करताय तेही बघा. पूलला, म्हणजे तयार कनेक्शनच्या साठ्याला बाइंड केलंत तर एकेक क्वेरी चालेल छान, पण ट्रान्झॅक्शन (सगळ्या क्वेरी एकत्र पक्क्या व्हायच्या, नाहीतर एकही नाही) असेल तर मेलात. पूल प्रत्येक क्वेरीला हाताला लागेल ते कनेक्शन देतो, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू एका कनेक्शनवर आणि कमिट, म्हणजे ते पक्कं करणं, दुसऱ्याच कनेक्शनवर; शिवाय एररही येत नाही. ट्रान्झॅक्शनसाठी पूलमधून एक कनेक्शन घ्या, त्यालाच बाइंड करा, आणि काम झालं की परत करा.

अजून एक, प्रॉमिस एकच व्हॅल्यू देतं. क्वेरीच्या कॉलबॅकला रो (उत्तरातल्या ओळी) आणि फील्ड्स (रकान्यांची माहिती) दोन्ही मिळायचं, प्रॉमिसिफायनंतर नुसत्या ओळी येतात. मायएसक्यूएल२ या दुसऱ्या पॅकेजच्या प्रॉमिसवाल्या भागात दोन्ही अ‍ॅरेमध्ये येतात, तिथल्या सवयीने इथेही चौकोनी कंस लावलात तर सगळ्या ओळींऐवजी फक्त पहिली ओळ हातात येईल आणि कोड बिनबोभाट चालत राहील.

ठेवण वेगळीच असेल, म्हणजे एररच नाही किंवा कॉलबॅक मधेच कुठेतरी, तर मात्र हाताने न्यू प्रॉमिस लिहा. रिजेक्टनंतर (प्रॉमिस फसलं असं कळवल्यावर) रिटर्न लिहा, नाहीतर खालचा कोड चालूच राहतो. आणि नंतर चालणाऱ्या कॉलबॅकच्या आत थ्रो (एरर फेकणं) अजिबात करू नका, तो तुमच्या एरर पकडणाऱ्या कॅचपर्यंत पोचतच नाही, थेट अख्खा सर्व्हर पाडतो. तिथे रिजेक्टच.

शेवटी जिथे जिथे ते फंक्शन वापरलंय तिथे अवेट (प्रॉमिसच्या उत्तरासाठी थांबणं) आणि एरर पकडणारं ट्राय-कॅच लावत जा. नोड १५ च्या आधी न पकडलेल्या रिजेक्शनची नुसती वॉर्निंग यायची, आता प्रोसेसच मरते, त्यामुळे एखादी जागा सुटली तर तुमच्या आधी ऑन-कॉलवाल्याला, म्हणजे बिघाड निस्तरायच्या ड्यूटीवर असलेल्याला कळेल, तेही रात्री.